जुन्या घरातली विळी

नूरुद्दीनने विळी उलटी करून मांडीवर घेतली आणि पाटाच्या बुडाशी तांबड्या रंगाने नंबर घातला. रंग पातळ झाला होता. शेवटच्या आकड्याची शेपटी खाली ओघळली. त्याने ती चिंधीने टिपून घेतली. फणसाच्या जुन्या लाकडाने उरलेला रंग बघता बघता पिऊन टाकला. खोलीत ओल्या चुन्याचा वास भरला होता, आणि दाराशी उभे असलेले मुदीर मनगटावरचं घड्याळ पाहत होते.

"झालं?"

"झालं साहेब. जरा वाळू द्यावं लागेल."

"वाळायला वेळ कुठे आहे, नूरुद्दीन," मुदीर त्यांच्या नेहमीच्या हिंदुस्तानीत म्हणाले. "परसों मेहमान आयेंगे."

मुदीर म्हणजे खात्याचे साहेब. आणि खातं बलदियाचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं. या बलदियाला अलीकडे जुन्या वस्तूंचा पुळका आला होता. खाडीपलीकडे नवं हॉटेल उभं राहिलं, विमानाने गोरे पाहुणे उतरू लागले, आणि त्यांना दाखवायचं काय, हा प्रश्न पडला. वाळू दाखवून झाली, उंट दाखवून झाला. मग बर दुबईत, खाडीच्या काठाला एका व्यापाऱ्याचं पडीक घर होतं, डोक्यावर वाऱ्याचा मनोरा असलेलं, ते बलदियाने ताब्यात घेतलं. त्यातल्या दोन खोल्यांना चुना दिला. एका खोलीत समुद्र मांडायचा, दुसरीत घर, असं ठरलं.

समुद्राची खोली चुटकीसरशी भरली. मोती काढणाऱ्यांचे नाकाला लावायचे चिमटे, पायाला बांधायचे दगड, वल्ही, दोरखंड, सगळं लोकांनी आनंदाने आणून दिलं. घराच्या खोलीने मात्र नूरुद्दीनचा जीव काढला. तो हुद्द्याने साधा कारकून. पण अरबी लिहिता येतं, इंग्रजी टाईप करता येतं, आणि नाही म्हणता येत नाही, एवढ्या तीन गुणांवर बलदियाची निम्मी कामं त्याच्या गळ्यात पडली होती. सगळा उन्हाळा तो दुखऱ्या गुडघ्यांनिशी दारोदार फिरला. जुनं काही आहे का म्हणून विचारलं की बायका पडद्याआडून सांगायच्या, होतं, ते जाळलं. एका घरात जुनं भांडं मागितलं तर त्यांनी अपमान झाल्यासारखं तोंड केलं आणि नवा कोरा थर्मास आणून पुढे ठेवला. पाहुण्यांना दाखवायचंय ना, मग हा दाखवा.

त्यातून मुदीरांची अट.

"सिर्फ अपना माल," ते पुन्हा पुन्हा बजावत. "बंबई का नहीं, ईरान का नहीं."

आता या गावात मुंबईहून किंवा इराणहून न आलेलं होतं तरी काय? आढ्याचे वासे आफ्रिकेचे, तांदूळ परदेशचा, नूरुद्दीनच्या हातातल्या तांबड्या रंगाचा डबासुद्धा मुंबईच्या बोटीतून उतरलेला. पण हे त्याने मनातच म्हटलं. तोंडाने म्हणायचा त्याला अलीकडे कंटाळा यायचा.

स्वयंपाकाचा कोपरा शेवटपर्यंत रिकामाच राहिला, आणि एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको विळीवर बसली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. आठ दिवसांच्या बोलीवर त्याने बिलकीसकडून विळी मागून घेतली, गोणपाटात गुंडाळली आणि मुदीरांपुढे ठेवली. जुन्या घरातून मिळाली, असं सांगितलं. ते तसं खोटं नव्हतं. त्याचं भाड्याचं घर इतकं जुनं होतं की छताचा गिलावा डाळीत पडायचा.

मुदीरांनी विळी दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट पाहिली होती.

"अशी मी कुठेतरी पाहिलीये," ते म्हणाले होते. "लहानपणी. हां, ये अपना है."

पात्याच्या टोकाला असलेल्या दातेरी चकतीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे कशाला? नूरुद्दीनला वाटलं, नारळ म्हणावं तर या वाळूत नारळाचं झाड कुठून आलं असतं.

"माशाचे खवले काढायला, साहेब," नूरुद्दीन म्हणाला. आणि मग तसंच अरबीत आणि इंग्रजीत कार्डावर टाईपही करून टाकलं: मासे चिरण्याचे व खवले काढण्याचे अवजार, या किनाऱ्यावरच्या घरांतून पूर्वी वापरात.

रंग वाळल्यावर सुताराने विळी कमरेइतक्या उंच पांढऱ्या ओट्यावर ठेवली. उभी, पातं वर करून, डोक्यावर विजेचा दिवा सोडून. नूरुद्दीनला कसंसंच झालं. त्याची सासू मरियमबी असती तर तिने आधी सुताराला झोडपलं असतं आणि मग जावयाला. काम झालं की विळी आडवी करायची आणि पातं भिंतीकडे, हा तिच्या घरचा कायदा. उभी विळी माणसाची वाट बघत असते, असं ती म्हणायची. नूरुद्दीनने बोलायला तोंड उघडलं. मग सुताराला सांगावं लागेल, मुदीरांना समजावून द्यावं लागेल, कुठे शिकलास म्हणून विचारतील, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि त्याने तोंड मिटलं.

पाहुणे आले, फोटो काढून गेले. त्यांच्या मागून आणखी आले. आठ दिवसांचा महिना होत आला.

"आठ दिवस म्हणाला होतात," बिलकीस म्हणाली.

ती चुलीपाशी बसून नारळाच्या वाटीला चमच्याने ओरबाडत होती. निम्मं खोबरं परातीत पडत होतं, निम्मं तिच्या मांडीवर. पलीकडे पत्र्याची ट्रंक उघडी पडली होती आणि तिच्यात लेकीसाठी, शहनाझसाठी, घेतलेल्या साड्या, अत्तर, दोन चादरी नीट रचून ठेवल्या होत्या. एका कडेला लांबट जागा रिकामी ठेवलेली होती. ती कशासाठी, हे नूरुद्दीनला विचारायची गरज नव्हती.

"म्हणालो होतो," तो बूट काढत म्हणाला.

"शनिवारी बोट आहे."

"ठाऊक आहे मला. पण तिच्यावर नंबर पडलाय, बिलकीस. ऑफिसचा नंबर पडला की वस्तू ऑफिसची."

"माझ्या अम्माची विळी ऑफिसची?"

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, त्याला निदान चिडता आलं असतं. सहा वर्षांपूर्वी बिलकीस जयगडहून त्याच्याकडे राहायला आली तेव्हा मरियमबीने स्वतःची विळी तिच्या सामानात घातली होती. परक्या मुलखात शेजार मिळेल न मिळेल, घरात विळी हवी, असं म्हणाली होती. आणि नातीला, शहनाझला, आपल्याजवळ ठेवून घेताना सांगितलं होतं, हिच्या लग्नाला ही परत आण, मग ती हिची. गेल्या वर्षी मरियमबी गेली. मातीला दोघांपैकी कुणाला पोचता आलं नाही. आता शहनाझचं लग्न ठरलं होतं आणि बिलकीस एकटी निघाली होती. नूरुद्दीनने रजा मागितली तर मुदीरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. पाहुण्यांचा सीझन आहे नूरुद्दीन, गरमी में जाना. शहनाझचं लग्न काही उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हतं.

"तुमचं येणं होत नाही," बिलकीस म्हणाली. "निदान ती तरी येऊ दे."

"सांगतो मुदीरांना."

"काय सांगणार? खवले काढायची ती गोष्ट माझ्या बायकोच्या नारळाची आहे म्हणून?"

ज्या दिवशी त्याने खवल्यांची थाप मारली त्या दिवशी घरी येऊन तिला सांगितलं होतं, आणि दोघं पोट धरून हसली होती. आज तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. खोटं एकदा टाईप करून काचेखाली लावलं की ते मागे घेणं फार कठीण, आणि मुदीरांची नामुष्की करणारा कारकून बलदियाने ठेवला नसता. या वयात नवी चाकरी कोण देतो.

"बुधवारी दुपारी बायकांचा टाईम असतो ना तिथे?" बिलकीसने विचारलं.

"असतो."

"मी येते मग. माझा अबाया चांगला ढगळ आहे."

"अगं, चोरी होईल ती."

"घरची वस्तू घरी आणली तर चोरी कशी होईल? तुम्हाला काही करायचं नाही. दाराकडे पाठ करून बसा. तेवढं तर जमेल?"

त्याला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. त्याने भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. चमचा करवंटीवर घासत राहिला.

बुधवारी दुपारी बलुची चौकीदाराला सुट्टी देऊन नूरुद्दीन स्वतः दाराशी स्टूल टाकून बसला, रस्त्याकडे तोंड आणि दाराकडे पाठ. बायकांच्या वेळेला हा रिवाजच होता, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटण्याजोगं नव्हतं. काळ्या अबायातल्या बायका आल्या, आत कुजबुजल्या, हसल्या, बाहेर पडल्या. दुपार कलताना, असरच्या बांगेच्या सुमाराला गर्दी ओसरली तेव्हा बिलकीस आली. नवऱ्याकडे न बघता ती त्याच्या अंगावरून आत गेली. नूरुद्दीनच्या कपाळावर थंडीतही घाम आला. पन्नाशी उलटलेल्या माणसावर दुपारी उजेडात बायकोच्या चोरीची राखण करायची पाळी यावी, याची त्याला लाज वाटत होती.

आणि तेवढ्यात मुदीरांची लँडरोव्हर गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली.

नूरुद्दीन ताडकन उठला. मुदीर स्वतः उतरले, मागचं दार उघडलं आणि एका म्हातारीला हाताला धरून खाली घेतलं. ती त्यांची आई होती. चेहऱ्यावर इथल्या बायका घालतात तो निळसर चकाकता मुखवटा, हातात काठी.

"वालिदाला बघायचं होतं," मुदीर म्हणाले. "आत कुणी आहे?"

"एक बाई आहे, साहेब."

"अच्छा, अच्छा." त्यांनी आईला उंबऱ्यापर्यंत पोचवलं आणि ते परत गाडीत जाऊन बसले.

बिलकीसला सावध करायचा काही मार्ग नव्हता. खोकावं म्हटलं तर गाडीतून मुदीर बघत होते. नूरुद्दीन पुन्हा स्टुलावर बसला आणि कान मागे लावून ऐकत राहिला. काठीचा आवाज समुद्राच्या खोलीतून सावकाश सरकला. घराच्या खोलीत गेला. तिथे थांबला. नंतर बराच वेळ काहीच नाही.

मग लाकडी पाट फरशीवर टेकल्याचा आवाज झाला.

तो आवाज नूरुद्दीनच्या घरचा होता. रोज सकाळी त्यानेच त्याला जाग यायची. बिलकीसला एवढीही अक्कल राहिली नाही का, म्हातारीच्या देखत विळी उचलली? मागे वळून पाहायचं नाही हा रिवाज तो विसरला. दाराच्या फटीतून त्याने आत डोकावलं.

विळी खाली फरशीवर होती, पण बिलकीसने उतरवलेली नव्हती. बिलकीस भिंतीला टेकून उभी होती, रिकाम्या हातांनी. विळीवर म्हातारी बसली होती. काठी बाजूला टाकून, एक पाय दुमडून, दुसरा गुडघा उभा धरून, पाटावर नेमकी अशी बसली होती की जणू कालच उठून गेली होती. तिचे दोन्ही तळवे वाटीसारखे झाले होते. त्यांत काहीच नव्हतं, आणि ते हात त्या दातेरी चकतीवर हळूहळू फिरत होते, थोडे वळत, पुन्हा फिरत. मुखवट्याखालचा चेहरा दिसत नव्हता. नूरुद्दीनने आईला असं बसलेलं पाहिलं होतं, सासूला पाहिलं होतं, बायकोला पाहिलं होतं. इथल्या बाईला कधी पाहिलं नव्हतं.

"खाला," बिलकीस तिच्या बाजारातल्या मोडक्या अरबीत म्हणाली, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही." म्हातारीचे हात थांबले नाहीत. "आई बसायची अशी. मी मागून तिच्या गळ्यात हात टाकायचे. ओरडायची मला, पण काढायची नाही हात."

"काय करायची इथे बसून?"

"पांढरं असायचं. गोड. बोटीवरून यायचं." म्हातारी थोडी अडखळली. "आई गेली तेव्हापासून आमच्या घरात आलं नाही ते."

"कुठली होती आई?"

म्हातारीने मान वर केली आणि हनुवटीने भिंतीकडे खूण केली. भिंतीपलीकडे खाडी होती, खाडीपलीकडे दर्या.

"तिकडची. बापाने निकाह लावला आणि बोटीतून आणली. आमच्याकडे कुणी बोलत नाही त्याबद्दल."

"तुमच्या मुलांना ठाऊक आहे?"

"मुलाला कशाला सांगू? तो मोठा माणूस झालाय. त्याला लोकांना सांगायचं असतं, हे आपलं, ते आपलं."

मग ती उठायला लागली. बिलकीसने पुढे होऊन हात दिला. उभी राहिल्यावर म्हातारीने श्वास घेतला, आणि ओट्याकडे न बघता, एक हात बिलकीसच्या हातात तसाच ठेवून, ती पुन्हा वाकली. विळी आडवी केली. पातं भिंतीकडे वळवून, भिंतीला लागेपर्यंत आत सरकवली. काठीच्या टोकाने चाचपून पाहिलं.

"जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाला लागते," ती म्हणाली.

बिलकीसचा मोकळा हात तोंडावर गेला होता. नूरुद्दीनने चटकन मान रस्त्याकडे वळवली. त्याला रडू आलं होतं. कुणासाठी ते त्याला नीट सांगता आलं नसतं: मरियमबीसाठी, की वाळूत येऊन संपलेल्या त्या कुठल्याशा बाईसाठी, की आपल्यासाठी.

मुदीर येऊन आईला घेऊन गेले. त्यांच्या मागून बऱ्याच वेळाने बिलकीस बाहेर आली. खाडीवरून वारा सुटला होता. त्याने तिचा अबाया अंगाला लपेटून टाकला, आणि आत काही नाही हे लांबूनसुद्धा दिसत होतं.

नूरुद्दीनने कुलूप घातलं. दोघं मीनाबाजारच्या गल्लीपर्यंत चालत आली. कापडाच्या दुकानांत दिवे लागत होते.

"घेतली नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"शहनाझ विचारील."

"विचारील. सांगेन तिला, घरच्याच माणसाकडे आहे."

तिला वाईट वाटलं नाही असं नव्हे. घरी आल्यावर ती ट्रंकेपाशी बसली, ती लांबट रिकामी जागा हाताने चाचपली आणि तिथे एक चादर घडी करून घातली. मग चूल पेटवली. त्या संध्याकाळीही तिने चमच्यानेच नारळ ओरबाडला, पण एकदाही कुरकुर केली नाही.

गुरुवारी सकाळी मुदीर नूरुद्दीनच्या आधी येऊन हजर होते. हॉटेलातून पाहुण्यांची गाडी निघाल्याचा फोन आला होता. नूरुद्दीन खोलीत शिरला तेव्हा ते रिकाम्या ओट्यापुढे उभे होते आणि विळी, म्हातारीने ठेवली होती तशीच, जमिनीवर भिंतीला लागून पडली होती. काल ती परत वर ठेवायची त्याला आठवण राहिली नव्हती. निदान त्याने स्वतःशी तरी तसंच म्हटलं.

"ये किसने गिराया?"

"पाडली नाही साहेब. ठेवलीये. काम झालं की ही अशी आडवीच ठेवतात. पातं भिंतीकडे."

मुदीर विळी उचलायला वाकले होते. ते तसेच थांबले.

"माझी वालिदा असं करते," ते म्हणाले. "घरात सुरी असो, काही असो, आडवी आणि भिंतीकडे. आम्ही भावंडं हसायचो तिला."

मुदीर हळूच उकिडवे बसले. पांढराशुभ्र झगा जमिनीला लागला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी त्या दातेरी चकतीवरून अंगठा फिरवला.

"हे खवले काढायला नाही, नूरुद्दीन."

"नाही साहेब."

"मग?"

"नारळ. नारळाची वाटी यावर खवतात. बसून."

"काल गाडीत वालिदा सगळ्या रस्त्याने हाताचं असं करत होती." मुदीरांनी दोन्ही तळवे वाटीसारखे धरून दाखवले. "मी म्हटलं, हात दुखतात का. नाही म्हणाली." ते काही वेळ आपल्याच हातांकडे बघत राहिले. "ही कुठल्या घरातून आणलीस?"

"जुन्या घरातून."

"कुणाच्या?"

आता नूरुद्दीन थकला होता. पळून पळून माणूस जसा वाटेतच खाली बसतो, तसं त्याचं झालं. नोकरी जायची असेल तर जाऊ दे, त्याने मनात म्हटलं.

"माझ्याच, साहेब. विळीची मालकीण माझी बायको. शनिवारी मुंबईच्या बोटीने जातेय."

गल्लीतून पाणीवाल्याच्या गाढवाच्या घुंगरांचा आवाज आला आणि गेला.

"तिला परत हवीये?" मुदीरांनी विचारलं.

"काल दुपारपर्यंत हवी होती. आता नको म्हणते."

मुदीर भिंतीचा आधार घेत उठले. झग्याला लागलेला चुना त्यांनी झटकला, निम्मा तसाच राहिला. नूरुद्दीनला वाटलं, आता बोलतील. ते खिडकीशी गेले. समोर खाडी होती; माणसांनी भरलेली एक अब्रा, खाडीतली होडी, या काठावरून त्या काठाला चालली होती.

"बाजारात नारळ मिळतो आजकाल?"

"मिळतो साहेब. मलबारची बोट आली की."

"उद्या दोन आणून ठेव इथे. जुम्म्याला बंद असतं. नमाजनंतर मी वालिदाला घेऊन येईन. दुसऱ्या कुणाला सोडू नकोस आत."

"बरं साहेब."

मुदीर निघाले. काचेखालच्या कार्डापाशी ते थबकले, त्यावरचा मजकूर त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पण त्याला हात लावला नाही. उंबऱ्यावर पाय ठेवून ते वळले.

"तुझी बायको शनिवारी जाते म्हणालास ना?"

"हो साहेब. शनिवारी."

"मग उद्या ती इथेच आहे," मुदीर म्हणाले आणि बाहेर गेले.

गल्लीच्या तोंडाशी पाहुण्यांची गाडी थांबल्याचा आवाज आला. नूरुद्दीनने रिकामा पांढरा ओटा दोन्ही हातांनी रेटत दाराबाहेर नेला. मग परत आत येऊन त्याने दिव्याची तार सैल केली आणि विळी होती तिथवर दिवा खाली घेतला.